फवारणीचे डाग

मखमलाबाद,
९ फेब्रुवारी १९९८

सौ. वन्संना साधनाचा नमस्कार.

तुम्ही पाठवलेल्या तिळाच्या वड्या पोचल्या. यांनी एकट्यांनीच संपवल्या आणि वर म्हणतात, ताईचा पाक जरा कडकच होतो. आत्याबाई रोज एकदा तरी लेकीची आठवण काढतात. "रेलवेत दिली, गाडीला पैसं पडत नाय, तरी यायला जमत नाय तिला," असं त्यांचं चालू असतं. तेव्हा एकदा येऊन जा.

आता खरी गोष्ट लिहिते. मला तिसरा सरत आला आहे. पाचवा लागेपर्यंत कोणाला सांगायचं नाही असं घरात ठरलं आहे, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मागच्या दोन्ही वेळी आम्ही गावभर सांगत सुटलो होतो. पहिला आठव्यात पोटातच गेला. सिन्नरला माझ्या आईनं त्याचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही. सुईण म्हणाली, कातडी सुटली आहे, पोरीला दाखवू नका. दुसरी आली तेव्हा जिवंत होती, पण चारच दिवस. तिचं नाक सारखं भरलेलं असायचं, दूध ओढताना दमायची. मोठ्यानं रडली अशी ती मला आठवतच नाही.

दिवाळीआधी आम्ही त्र्यंबकला तीन दिवस राहून नारायण नागबळी करून आलो, ते तुम्हाला माहीतच आहे. विहीर खणताना यांच्या आजोबांच्या हातून नाग मेला होता, त्याचा हा दोष, असं आत्याबाई म्हणतात. पूजा मी मनापासून केली. तरी भीती जात नाही. झोपेत कूस बदलतानाही हात पोटावर ठेवते.

बाकी ठीक. काल दिवसभर टोमॅटोवर फवारणी होती. यांच्या हातांवर परत चट्टे उठले, आग आग झाली. मागे एका भाऊबीजेला तुम्ही खोबरेल चोळलं होतं ना, तसंच मी चोळलं. सकाळी गेले.

तुमची,
साधना


इगतपुरी,
२० फेब्रुवारी १९९८

चि. सौ. साधनाला अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम बंद पाकिटातून पाठवते आहे. एकटी असशील तेव्हाच वाच. आईनं विचारलं तर सांग, वन्संनी लोणच्याची कृती लिहिली आहे.

तुझी बातमी वाचून देवापुढे साखर ठेवली. पाक कडक होतो म्हणणाऱ्याला सांग, लहानपणी हाच कढई चाटायला पहिला बसायचा.

साधना, आडून आडून लिहायला मला जमत नाही. तुझं पत्र आलं आणि त्यातल्या शेवटच्या चार ओळींनी माझी झोप उडवली. रथसप्तमीच्या आधी आमच्या रेल्वे कॉलनीत हळदीकुंकू होतं. या वर्षी वाण म्हणून कोणी डबे-चाळण्या वाटल्या नाहीत, एका लेडी डॉक्टरला बोलावलं होतं. तिनं गुप्तरोगांवर बोलायला सुरुवात केली आणि सगळ्या बायका पदराआड हसायला लागल्या. मीही हसले. मग तिनं एकेक चित्र फिरवायला दिलं. एका चित्रात नुसता तळहात होता. तळहातावर मुगाएवढे तांबूस डाग. ते बघितलं आणि माझं हसू गेलं.

तो हात मी बघितला आहे. तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला कुंदन इथे पाटावर बसला होता. मी ओवाळलं, त्याच्या हातावर लाडू ठेवला आणि हात तसाच धरून राहिले. खाजतं का म्हटलं, तर नाही म्हणाला. दुखतं का, तर तेही नाही. "फवारणीचं औषध हाय ताई, सगळ्यांनाच व्हतं." मी खोबरेल चोळलं. महिन्याभरानं डाग गेल्याचं कळलं आणि मी तेलाचं कौतुक केलं.

त्या डॉक्टर म्हणाल्या, या रोगाचं नाव सिफिलिस. आधी नाजूक जागी एक फोड येतो, तो दुखत नाही आणि आपोआप भरतो. मग तळहातांना, तळपायांना असे डाग येतात, ते खाजत नाहीत आणि आपोआप जातात. माणसाला वाटतं, बरे झालो. पण रोग रक्तात बसून राहतो. बायकोला जातो, तिच्याकडून पोटातल्या बाळाला. बाळं आठव्या-नवव्यात जातात, किंवा जन्मून चार दिवसांत.

फवारणीच्या चट्ट्यांची आग होते आणि ते सकाळी जातात. तू स्वतःच लिहिलं आहेस. भाऊबीजेचे डाग तसे नव्हते.

लग्नाआधी कुंदन दोन हंगाम दादरला फुलांच्या गाळ्यावर राहिला होता. यापुढे मला लिहवत नाही, तो माझ्या पाठचा भाऊ आहे. पण तू सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घे. साधी तपासणी आहे. लवकर औषध मिळालं तर बाळ वाचतं असं त्या म्हणाल्या. मी सगळ्या बायका गेल्यावर थांबून त्यांना पुन्हा विचारलं. औषध दोघांनी घ्यायचं, एकानं घेऊन भागत नाही.

तुला कधी तसं काही उठलं होतं का, ते आठवून कळव.

शुभांगी


मखमलाबाद,
३ मार्च १९९८

सौ. वन्संना नमस्कार.

पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. तुम्ही स्वतःच्या भावाबद्दल असं लिहाल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आमच्या शिवारात कोणाच्या हाताला डाग नाहीत? शेजारचे बारकूभाऊ तर बारा महिने हात खाजवत बसलेले असतात. मग गावातल्या सगळ्यांनाच रोग आहे का? मलाही आले होते डाग, तुम्ही विचारलं म्हणून सांगते. लग्नानंतरच्या थंडीत हातांना आणि तळपायांना आले होते, केसही मुठीनं जात होते. फवारणीचे कपडे मीच धुते, त्याचं औषध लागलं, असं आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी कपडे काठीनं धोपटायला लावले आणि डाग गेले. झालं एवढंच.

आणि वन्सं, तुम्ही एक विचार केला नाहीत. माझं रक्त खराब निघालं तर नाव कोणाचं होईल? तुमच्या भावाचं होईल का? दोन लेकरं गेली तेव्हाही कूस माझीच वाईट ठरली होती. मागच्या हळदीकुंकवाला एका बाईनं मला ओलांडून पुढच्या बाईला कुंकू लावलं. आता यावर हेही घेऊ का?

पुन्हा असं लिहू नका. मला या दिवसांत चांगलंच ऐकायचं आहे.

साधना


इगतपुरी,
९ मार्च १९९८

चि. साधना,

तुला दुखावलं, त्याबद्दल तू मला काय वाटेल ते बोल. फक्त एका गोष्टीचं उत्तर दे आणि ते मला न देता स्वतःलाच दे. कपडे तू हातानं धुतेस. मग तळपायांना डाग कसे आले? कुंदन गमबूट घालून फवारतो, त्याच्याही तळपायांना तेव्हा डाग होते का, तेही आठव.

नाव कोणाचं होईल, हे तू बरोबर विचारलंस. मी माझ्या आईला ओळखते. म्हणून हे लिहून देते. तुझं रक्त खराब निघालं तर मी स्वतः येईन आणि भाऊबीजेला काय बघितलं ते आईसमोर आणि कुंदनसमोर सांगेन. तुझ्या अंगावर एक शब्द येऊ देणार नाही.

पण आधी जा. दिवस जातात तसं बाळ हातातून निसटतं आहे.

शुभांगी


मखमलाबाद,
१४ एप्रिल १९९८

वन्सं,

मी गेले होते. तुमच्या पत्रानंतर पंधरा दिवस स्वतःशीच भांडले. रोज न्हाणीत बसले की तळपाय उलटे करून बघायची, जसे काही ते डाग अजून तिथे सापडणार होते. शेवटी एक दिवस शेजारची लंकाबाई झेंडू घेऊन फुलबाजारात निघाली, तिच्याबरोबर मीही टोपली घेतली. टोपली तिच्याकडे ठेवून दवाखान्यात गेले. चिठ्ठी कशासाठी काढायची ते खिडकीतल्या माणसानं दोनदा विचारलं. मागे उभी असलेली बाई म्हणाली, "बाळंतपणाचं रगत तपासायचं म्हन, सगळं त्यातच येतं." तसं म्हटलं.

आठवड्यानं परत गेले. खराब निघालं आहे, वन्सं. एड्सचीही तपासणी केली, तो नाही निघाला. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. आधीच्या दोघांबद्दल विचारलं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, याला औषध आहे, जुनं आणि स्वस्त औषध आहे. आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं. आधी हातावर थोडं टोचून बघितलं, सोसलं, मग पहिलं दिलं. मालकांना घेऊन या म्हणाल्या.

मी बाहेर पायरीवर बसले आणि रडले. माझ्या आजाराचं मला काहीच वाटलं नाही. औषध होतं, वन्सं. नाशिकमध्येच होतं. मी फुलं विकायला ज्या रस्त्यानं जात होते त्याच रस्त्यावर होतं, आणि आम्ही नागाला शांत करत बसलो.

घरी सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या घरात असलं कवा नव्हतं. तूच आणलं माहेराहून." तुमचे भाऊ ओट्यावर हार ओवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. कसला रोग, कुठून आला, कोणी सांगितलं, काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. न विचारण्यावरूनच मला कळलं की त्यांना काहीतरी माहीत होतं. रात्री एवढंच म्हणाले, "माझे डाग कवाच गेले. मला काय नाय." दवाखान्यात यायला तयार नाहीत.

उद्या आत्याबाई मला सिन्नरला पोचवणार आहेत. बाळंतपणाला म्हणतात, पण पाचव्या महिन्यात कोणी पाठवतं का? उरलेली इंजेक्शनं मी सिन्नरहून येऊन घेईन, दर आठवड्याला एसटीनं.

तुम्ही शब्द दिला होता.

साधना


इगतपुरी,
२ मे १९९८

चि. साधना,

हे सिन्नरच्या पत्त्यावर पाठवते आहे. मी मखमलाबादला जाऊन आले. तिथे काय झालं ते दुसऱ्याच्या तोंडून तिखटमीठ लावून तुझ्या कानावर येण्याआधी मीच सांगते.

आईनं मला बघून आधी पाणी दिलं, मग चहा. लेक आली म्हणून पुरणाची डाळ शिजत घालायला निघाली. मी म्हटलं, आई, आधी बस. कुंदन, तूही बस. मग मी सांगितलं. पाट, लाडू, हात, डाग, खोबरेल. तुला लिहिताना जे लिहवलं नव्हतं ते, दादरचंही बोलले. रोग साधनाकडे इथून गेला, साधनाकडून इथे आला नाही, असं स्पष्ट म्हणाले.

आई म्हणाली, "बहीन हायेस का वैरीन? पाठच्या भावाच्या अंगावर असलं घान टाकतेस?" मी म्हटलं, तुझी दोन नातवंडं गेली आई. तिच्या डोळ्यांत मला क्षणभर दिसलं की तिला पटलं आहे. पण पटलेलं कबूल करायचं म्हणजे एवढे दिवस तुला जे बोलली ते सगळं गिळायचं, ते तिला झेपणारं नव्हतं. ती उठून डाळीत पाणी घालायला गेली.

कुंदनला मी म्हटलं, तुझं पाप-पुण्य मला बघायचं नाही. चुकलं असेल ते चुकलं. फक्त चल, रक्त दे, औषध घे, आणि बायकोला घरी आण. तो लहानपणी पडला की मी जशी समजूत काढायची तसं बोलत होते. त्यानं माझ्याकडे बघितलं तेव्हा वाटलं, येतो. मग म्हणाला, "ताई, तू आईसमोर बोललीस. माझ्याशी एकट्याशी बोलली असतीस तर गोष्ट येगळी व्हती. आता या घराची पायरी चढू नको."

खरं आहे त्याचं. एकट्याशी बोलता आलं असतं. पण मग आईच्या तोंडी तुझंच नाव राहिलं असतं, आणि मी तुला शब्द दिला होता. मी पिशवी उचलून निघाले. पुरण तसंच राहिलं. कोपऱ्यापर्यंत वाटलं, मागून कोणीतरी हाक मारेल. मी मुद्दाम हळू चालले.

तू इंजेक्शनं चुकवू नकोस. कुंदन औषध घेईपर्यंत परत जाऊ नकोस, गेलीस तरी जवळ जाऊ नकोस. मुलगी झाली तर सायली नाव ठेव, मला आवडतं. फुलवाल्यांच्या घरात शोभेल.

शुभांगी


सिन्नर,
३० ऑगस्ट १९९८

वन्सं,

मुलगी झाली. नाशिकला दवाखान्यात झाली. बाहेर आल्याबरोबर इतक्या मोठ्यानं रडली की सगळ्या हसल्या, आणि मी ते रडणं ऐकून रडले. दाईनं विचारलं, मुलगी झाली म्हणून रडतेस का गं? मी तिला काय सांगू? रडणं कसं असतं ते मी पहिल्यांदा ऐकत होते.

तिचं रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध वेळेवर मिळालं, बाळ चांगलं आहे. काही महिन्यांनी परत एकदा बघायला आणायचं आहे.

बारशाला नाव आत्यानं ठेवायचं असतं. मी तुम्हाला बोलवा म्हटलं. आत्याबाईंचा निरोप आला, ती आली तर आमी येनार नाय. माझी आई घाबरली, पाहुण्यांत तमाशा नको म्हणाली. शेवटी शेजारची सावित्रीबाई आत्या होऊन बसली. मी तिला सांगितलं, कानात सायलीच म्हणा, हे तिच्या आत्यानं ठेवलेलं नाव आहे. पेढे पोस्टानं कसे पाठवू? तुम्हीच तिकडे साखर खा.

तुमच्या भावाबद्दल. मी जूनमध्ये निरोप धाडला होता, तुमचं रक्त तपासल्याशिवाय आणि औषध पुरं झाल्याशिवाय मी घरी येणार नाही, मूल घेऊनही येणार नाही. मला वाटलं चिडतील. महिन्याभरानं दवाखान्याचे कागद घेऊन आले. त्यांचंही खराबच होतं. तिन्ही इंजेक्शनं घेतली आहेत.

मग सगळं बोलले. दादरला असताना फोड आला होता, दुखला नाही, म्हणून कोणाला दाखवला नाही. बरा झाला, लग्न झालं. "मला खरंच वाटलं गं, की गेला." मी विचारलं, पहिला गेला तेव्हा मनात आलं होतं का? दुसरी गेली तेव्हा? परवा परत आले तेव्हाही तेच विचारलं. तेव्हा सायलीचा पाय हातात धरून बसले होते, तळवा अंगठ्यानं पुन्हा पुन्हा पुसत होते, जसं काही तिथे काही लागलं आहे. तेवढंच उत्तर मला मिळालं.

दसऱ्याआधी मी परत जाईन. लोक म्हणतील, साधनानं माफ केलं. मी माफ केलं नाही, वन्सं. पण सायलीला घर पाहिजे, आणि तो माणूस तिचा पाय धरून बसला होता हेही मी बघितलं आहे. दोन्ही गोष्टी घेऊन जाते आहे.

तुमचं नाव काढलं की मात्र उठून जातात. तुम्ही नसतात तर ही पोर नसती, हे त्यांना कळतं. कळतं म्हणूनच तुमच्या समोर यायची त्यांना लाज वाटते, असं मला वाटतं. भाऊबीजेला येणार नाही म्हणाले. मी भांडले. उपयोग झाला नाही. मला मूल मिळालं आणि तुमचं माहेर गेलं. हे मी कुठे फेडू?

तुमची,
साधना


इगतपुरी,
२५ ऑक्टोबर १९९८

चि. साधनाला आणि सायलीला अनेक आशीर्वाद.

फेडायचं वगैरे पुन्हा लिहिलंस तर तिथे येऊन कान धरीन. येता येत नाही, तो भाग वेगळा.

भाऊबीज झाली. मी सकाळीच पाट मांडला, रांगोळी काढली. आमचे हे म्हणाले, कशाला मांडतेस, तो यायचा नाही. मी म्हटलं, पाट मांडायला काय लागतं? नाशिककडून गाडी येऊन थांबली की मी उगाच दारात जाऊन उभी राहायची. माणसं उतरायची, पिशव्या घेऊन आपापल्या बहिणींकडे जायची. दुपारच्या गाडीतून पांढरा सदरा घातलेला एकजण उतरला, चालणं अगदी कुंदनसारखं. तो पुढच्या गल्लीत वळला.

लहानपणी आमच्या गल्लीत सगुणाबाई म्हणून होती. तिला भाऊ नव्हता. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तशी ती दर भाऊबीजेला अंगणात येऊन ओवाळायची. कुंदन तेव्हा मला चिडवायचा, "ताई, मी नसतो तर तू पन अशीच वर बघत बसली असतीस. चल, मला दोन लाडू दे." आणि मी द्यायची.

तिन्हीसांजेला डोंगरावर बारीकशी कोर दिसली. ती फार वेळ राहत नाही, म्हणून निरांजन लावून घाईनं बाहेर आले. शेजारची म्हणाली, "अहो, तुम्हाला तर भाऊ आहे ना?" मी म्हटलं, आहे. आणि ओवाळलं. ताटातल्या अक्षता सांडल्या. कुंदनला आयुष्य मागितलं. दुसऱ्या कोणासाठी मागणार?

हे पत्र घेऊन येणाऱ्या माणसाबरोबर रव्याचे लाडू पाठवते आहे. या वेळी पाक मऊ ठेवला आहे. कोणी दिले ते त्याला सांगू नकोस, खाईल तेव्हा त्याला कळेलच. फक्त लाडू ताटात वाढू नकोस, त्याच्या हातावर ठेव. ठेवताना तळहात नीट बघून घे, एकही डाग नाही ना ते. आणि मला कळव.

शुभांगी